पेर, वाटी आणि वार : घरातल्या मापांचा इतिहास

मराठी घरातल्या स्वयंपाकाविषयी किंवा शिवणटिपणाविषयी बोलणे निघाले की एक शब्द हमखास येतो, तो म्हणजे 'अंदाज'. आमटीत मीठ किती? अंदाजाने. भाजणी किती भाजायची? अंदाजाने. चोळीची बाही किती ठेवायची? तीही अंदाजानेच. फारसीतून मराठीत आलेला हा शब्द घरकामाच्या संदर्भात दोन तऱ्हांनी वापरला जातो. 'तिच्या हाताला अंदाज आहे' हे कौतुक. 'बायकांचं सगळं अंदाजपंचे' ही हेटाळणी. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे, की घरातले काम मोजून होत नाही, म्हणून ते शास्त्र नाही.

जुनी पाकपुस्तके, स्त्रियांची मासिके आणि लोकांच्या माळ्यावर पडलेल्या हस्तलिखित वह्या मी गेली काही वर्षे वाचतो आहे. त्या वाचनातून माझे मत असे झाले आहे, की घरात मोजमाप नेहमीच होते. फक्त मोजण्याची साधने बाजारातली नव्हती. ती घरातून कागदावर कशी आली, आल्यामुळे कोणाचे काय साधले आणि कोण त्या कागदाबाहेर राहिले, हे या लेखात पाहायचे आहे.

सुरुवात भातापासून करू. तांदूळ धुऊन पातेल्यात घातले, की वर बोटाचे एक पेर बुडेल इतके पाणी. हे माप ढोबळ वाटते, पण नेहमीच्या पातेल्यात, नेहमीच्या माणसांपुरत्या भाताला ते बरोबर लागू पडते. कारण बोट तेच, पातेले तेच, तांदूळ बहुधा त्याच शेतातला किंवा त्याच दुकानातला. चिमूट, मूठ, ओंजळ, पसा, वीत, हात ही सगळी अंगावरचीच मापे. ती वापरणारी व्यक्ती बदलली नाही तर ती पुरेशी स्थिर असतात. अडचण येते ती घर बदलल्यावर. सासरी आलेल्या मुलीला पहिली शिकवणी असे ती याच मापांची. आईच्या मुठीचे गणित सासूच्या पातेल्यात चालत नसे.

याच्या शेजारी बाजाराची मापे होती. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. ही कोष्टके मुलगे शाळेत घोकत. शेर मात्र गावोगाव सारखा नसे. यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. धान्य आपल्याकडे मुख्यतः भरून मोजले जाई, तोलून नव्हे. माप म्हणजे भांडे, ही सवय बाजारालाही होती आणि घरालाही. पुढे 'वाटी' आली तेव्हा ती कोणालाच परकी वाटली नाही, याचे एक कारण या सवयीत आहे.

ज्या गोष्टी भांड्याने मोजता येत नाहीत त्यांच्यासाठी वेगळ्या कसोट्या होत्या. दिवाळीतल्या लाडवांचा पाक हे त्याचे चांगले उदाहरण. पाकाचा थेंब दोन बोटांत धरून ताणला आणि एक तार निघाली की एकतारी, दोन निघाल्या की दोनतारी, थंड पाण्यात टाकून मऊ गोळी वळली की गोळीबंद. साखरेचे द्रावण आटत जाते तसा त्याचा उत्कलनबिंदू चढतो. मिठाईच्या कारखान्यात मऊ गोळीची ही अवस्था ११२ ते ११६ अंश सेल्सिअस अशी थर्मामीटरने पाहतात. म्हणजे आजीची दोन बोटे जे करत होती, ते तापमान मोजणेच होते. त्याला अंक नव्हता, पण नाव होते, क्रम होता आणि चूक झाली तर ती ओळखण्याची रीतही होती.

हे ज्ञान लिहिले गेले ते आधी घराबाहेर. तंजावरच्या मराठी दरबारातल्या पाकशाळेची माहिती 'शरभेंद्र पाकशास्त्र' या हस्तलिखितात आली आहे. ते दुसऱ्या सरफोजीराजांच्या, म्हणजे १७९८ ते १८३२ च्या काळाशी निगडित आहे. छापील मराठी पाकपुस्तकांचा आरंभ रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या १८७५ सालच्या 'सूपशास्त्र' या पुस्तकापासून मानला जातो. लेखक पुरुष आहे आणि शीर्षकात 'शास्त्र' आहे, या दोन गोष्टी मला जोडीने दिसतात. छापखान्यात शिरायचे तर स्वयंपाकाला शास्त्राचे उपरणे घ्यावे लागले.

पस्तीस वर्षांनी, १९१० मध्ये, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' प्रसिद्ध झाले. आता लेखिका स्त्री आहे, वाचक गृहिणी आहे, आणि 'शास्त्रा'च्या जागी 'मित्र' आला आहे. पाठारे प्रभू घरातल्या मासळीच्या आणि मटणाच्या पदार्थांना त्यात मोकळेपणाने जागा मिळाली आहे. हजार हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याला येणारे पदार्थ मोजून एकीने जगासमोर मांडले, आणि ते हजार भरले.

मित्राची गरज का पडली? नोकरीसाठी मुंबईत, पुण्यात किंवा आणखी दूर बिऱ्हाड केलेल्या जोडप्यांची संख्या वाढत होती. अशा घरात सासू शेजारी नव्हती. पेर आणि मूठ शिकवायला जिचा हात हवा ती गावी राहिली होती. पाकपुस्तक तिच्या जागी आले. म्हणून माप कागदावर येण्याची कथा ही एकत्र कुटुंबापासून दूर गेलेल्या स्त्रीची कथाही आहे.

कापडाच्या बाबतीत हाच बदल वेगळ्या वाटेने झाला. लुगडे पूर्वी हातांवर मोजत. सोळा हाती, अठरा हाती असे शब्द जुन्या बायकांच्या तोंडी असत. दोन हातांचा एक वार, म्हणून अठरा हातांची ती नऊवारी. ती साधारण सव्वाआठ मीटर भरते. दुकानदार आज मीटरने कापड फाडतो, पण नऊवारी आणि सहावारी ही नावे टिकली. मापच वस्त्राचे नाव होऊन बसले, याची इतकी ठळक उदाहरणे थोडी असतील. नऊवारीला टाका लागत नाही. उंची, अंगकाठी आणि दिवसभराचे काम पाहून प्रत्येक बाई काष्टा कमीजास्त ओढून घेते. शेतात लावणी करणारी आणि लग्नघरात मिरवणारी एकच लुगडे वेगवेगळ्या तऱ्हेने नेसतात. नेसण्यातला तो फरक ही तिची स्वतःची आवड आणि स्वतःचे माप.

चोळीला मात्र कात्री लागे. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण महाराष्ट्रात घरोघरी ओटीत येई आणि त्याची चोळी होई. पुढे गाठ मारायची असल्याने चोळी अंगाबरोबर थोडी सैल-घट्ट करता येत असे. बटणांचे पोलके आणि मग ब्लाऊज आला तेव्हा ही मोकळीक संपली. आता छाती, कंबर, मुंढा, बाही, गळा यांचे आकडे हवेत. इंचांची टेप घरात आली ती शिवणयंत्राबरोबर. परदेशी 'सिंगर' आधीपासून होतेच. १९३० च्या दशकात कोलकात्यात 'उषा' यंत्रे तयार होऊ लागली आणि देशी यंत्र मध्यमवर्गाच्या नजरेच्या टप्प्यात आले. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनात स्त्रियांना शिवणकाम शिकवले जाई. विधवा किंवा निराधार स्त्रीच्या दृष्टीने ते मन रमवण्याचे साधन नव्हते. दुसऱ्याच्या अंगाचे माप घेता आले तरच दुसऱ्याचे कपडे शिवता येतात, आणि मग पोट भरता येते.

मी पाहिलेल्या एका वहीत ही दोन जगे समोरासमोर आहेत. डाव्या पानावर चकलीची भाजणी वाटीच्या मापाने आणि उजव्या पानावर नणंदेच्या ब्लाऊजची मापे इंचात. मधल्या समासात विणकामाचा एक नमुना आहे : दोन सुलट, दोन उलट, घर उचलून घेणे, जोड घर. वही लिहिणारी बाई एकाच बैठकीत तीन मापपद्धती सहज वापरत होती.

असे नमुने छापून घरोघरी पोहोचवण्याचे मोठे काम मासिकांनी केले. १९३० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' मासिक सुरू केले. स्त्रियांच्या हक्कांची चर्चा आणि स्वेटरचा नमुना एकाच टपालाने घरात येण्याचा तो काळ. अभ्यासक बहुधा पहिल्याची नोंद घेतात. मला दुसराही तितकाच मोलाचा वाटतो. नमुना वाचून तो सुईवर उतरवणे ही साक्षरताच होती, आणि ती वापरायला घरातल्या कोणाची परवानगी लागत नव्हती.

स्वातंत्र्यानंतर देशाची मापे बदलली. १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली. ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. त्याच्या जागी किलो आला. बाजार बदलला, पण स्वयंपाकघरात तराजू कधीच नव्हता. ग्रॅमचे पुस्तक घेऊन ओट्यापाशी उभी असलेली बाई अडूनच बसली असती.

१९७० मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'चे यश या पार्श्वभूमीवर समजते. त्यांनी मापे दिली ती वाटी आणि चमचा यांची. वाटी घरोघर वेगळी असते, हा आक्षेप वरवर बरोबर आहे. पण एक वाटी पिठीला एक वाटी पाणी असे म्हटले, की वाटी लहान असो वा मोठी, उकड तीच होते. वाटी हे परिमाण नसून प्रमाण आहे. पेराचे माप एका पातेल्याशी आणि एका हाताशी बांधलेले होते. वाटीने ते सोडवले आणि तराजूही टाळला. कानपूरला नवा संसार मांडलेली किंवा अमेरिकेला गेलेली मुलगी ट्रंकेत हे पुस्तक घेऊन गेली, ते यामुळे.

माप ठरले की मोबदलाही ठरवता येतो. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. तिथली रीत साधी आहे. मळलेले पीठ वजन करून घरी न्यायचे, लाटलेले वाळके पापड आणून द्यायचे आणि वजनावर मजुरी घ्यायची. पापडाचा आकार ठरलेला. हजारो वर्षे जे काम 'घरचेच' म्हणून कोणी मोजले नाही, ते तराजूवर गेल्याबरोबर त्याला भाव आला. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना 'अन्नपूर्णा महिला मंडळा'त एकत्र आणले आणि त्यांना बँकेची कर्जे मिळू लागली, ती कथाही याच धाग्याची. त्याआधी सावकाराच्या वहीत फक्त त्यांचे देणे मोजलेले असे.

मात्र या इतिहासाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय तो पुरा होत नाही. पाककृतीचे पहिले क्रियापद 'घ्या' असे असते. दोन वाट्या रवा घ्या, पाऊण वाटी तूप घ्या. ज्या घरात घ्यायला तूप आहे त्याच घराशी हे पुस्तक बोलते. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आले आणि महार-मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीची सविस्तर नोंद पुस्तकरूपात झाली. 'सूपशास्त्र' ते हे पुस्तक, मध्ये एकशे चाळीस वर्षे गेली. वाळवून ठेवलेल्या चान्या, वाट्याला आलेले ते शिजवून सगळ्यांना पुरवण्याची रीत, यांतही मोजमाप होतेच. किंबहुना जिथे टंचाई तिथे माप अधिक काटेकोर. पण ते छापण्याजोगे कोणाला वाटले नव्हते.

गोधडीचेही तसेच. जुनी लुगडी, धोतरे, विटलेली पोलकी यांचे थर लावायचे, कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचे. टाक्यांच्या ओळींमधले अंतर बोटाने ठरते. काही भागांत तिला वाकळ म्हणतात. तिची सुरुवात 'घ्या'ने होत नाही, घरात काय उरले आहे यापासून होते. लांबी-रुंदी लुगडे ठरवते, रंगसंगती फाटलेल्या कपड्यांचा ढीग ठरवतो, आणि तरीही दोन बायकांच्या गोधड्या कधी सारख्या नसतात. आज शहरांतल्या प्रदर्शनांत गोधडी मीटरवर आणि किमतीच्या चिठ्ठीसह टांगलेली दिसते. त्यातला पैसा शिवणारीपर्यंत पोहोचत असेल तर मला त्यात वावगे वाटत नाही. माप आणि मोल यांचा संबंध वर पाहिलाच आहे.

'अंदाज' या शब्दाकडे म्हणूनच नव्याने पाहायला हवे. अंदाज म्हणजे मापाचा अभाव नव्हे. वर्षानुवर्षे मोजून मोजून ज्याला आता आकड्याची गरज उरलेली नाही, असे ते माप आहे. ज्या हातात ते आहे त्या हाताबरोबर ते जाते, हाच त्याचा दोष.

या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून चकली किंवा अनारसे लिहून घ्यायचे असतील तर 'दोन वाट्या' एवढेच लिहून थांबू नये. ती कोणती वाटी वापरते ते विचारावे, त्या वाटीत किती पाणी मावते ते मोजून वहीत नोंदवावे, आणि पीठ कोणत्या रंगावर आले की ती आच बंद करते ते शेजारी उभे राहून पाहावे. पानाच्या वर तिचे नाव आणि तारीख लिहावी. पुढे कोणी हा इतिहास लिहायला बसेल तेव्हा त्याला असल्याच वह्या लागणार आहेत.