मुठीतलं शेफील्ड : एका जुन्या चाकूची गोष्ट

(या भागाचं शब्दांकन. ऐकण्याऐवजी वाचणं पसंत करणाऱ्यांसाठी.)

आजचा भाग एका वस्तूबद्दल आहे. माझ्यासमोर टेबलावर ती ठेवली आहे. घडीचा चाकू. बंद असताना करंगळीएवढा, उघडला की दुप्पट. मूठ सांबरशिंगाची, खडबडीत, मधाच्या रंगाची. हा माझ्या पणजोबांचा. ते मामलेदार कचेरीत कारकून होते आणि बोरू तासायला चाकू जवळ बाळगत. पुढे आजोबांनी त्यानं पेन्सिली तासल्या, सुपारी कातरली, आंबे कापले.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी मला या चाकूची लाज वाटली. पातं काळपट, कडेला गंजाचे ठिपके. मी तो भांड्यांना पॉलिश करणाऱ्या एकाकडे नेला आणि म्हटलं, “चकाचक करून द्या.” त्यांनी चाक फिरवलं, दोन मिनिटांत पातं आरशासारखं झालं. मी खूश! नंतर जुने चाकू जमवणाऱ्या एका मित्राला दाखवला. त्यानं भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, “हे कोणी केलं?”

पातं मुठीत जिथे शिरतं, तिथे एक चपटा भाग असतो. त्याला टँग म्हणतात. जुन्या चाकूचा जन्मदाखला तिथेच ठोकलेला असतो. माझ्या चाकूवर मुकुट दिसतो, त्याच्या एका बाजूला ‘व्ही’ हे अक्षर दिसतं. दुसऱ्या बाजूचं ‘आर’ मी पुसून टाकलं होतं, पैसे देऊन.

तर त्या अर्ध्या पुसलेल्या खुणेपासून सुरुवात करू या.

‘व्ही आर’ म्हणजे व्हिक्टोरिया राणी. तिची कारकीर्द १८३७ ते १९०१, म्हणजे चाकू १९०१ च्या आधीचा. खाली कंपनीचं नाव आहे, जोसेफ रॉजर्स अँड सन्स, गाव शेफील्ड. चाकू जमवणारे लोक अशीच तारीख काढतात. राणीनंतर एडवर्ड आला तेव्हा ‘ई आर’, मग जॉर्ज आला तेव्हा ‘जी आर’. ‘इंग्लंड’ हा शब्द कोरलेला असेल तर चाकू बहुधा १८९१ नंतरचा, कारण १८९० च्या अमेरिकी जकात कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं. दूर अमेरिकेतल्या कायद्याची खूण अशी चाकूवर सापडते.

आता शेफील्डला जाऊ. उत्तर इंग्लंडमधलं डोंगरउतारावरचं गाव. पाच लहान नद्या वेगानं खाली येतात, त्यांच्यावर पाणचक्क्या बसवल्या की धार लावायची दगडी चाकं फिरतात. दगडही जवळच्याच डोंगरातला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरनं ‘कँटरबरी टेल्स’ लिहिलं, त्यातल्या एका गिरणीवाल्याच्या मोज्यात शेफील्डचा चाकू खोचलेला आहे. म्हणजे तेव्हाही गावाचं नाव सांगितलं की वाचकाला माल कळत होता. १६२४ मध्ये पार्लमेंटनं कायदा करून तिथल्या कारागिरांची कंपनी स्थापली. प्रत्येक उस्तादाची खूण तिच्या वहीत नोंदली जायची आणि दुसऱ्याची खूण वापरणं हा गुन्हा होता.

१७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीनं मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. त्याला घड्याळाच्या स्प्रिंगसाठी एकसारखं, निर्दोष पोलाद हवं होतं. शेफील्डचे कारागीर आधी म्हणाले, फारच कडक आहे, नको. फ्रान्सनं ते घ्यायला सुरुवात केली तेव्हा यांचे डोळे उघडले. घडीच्या चाकूचा सगळा जीव स्प्रिंगमध्येच असतो, म्हणून हे सांगतोय. चांगला चाकू उघडताना थोडा विरोध करतो आणि शेवटी ‘टक्’ असा आवाज करून बसतो. जमवणारे लोक तो आवाज कान देऊन ऐकतात. माझ्या चाकूचा ‘टक्’ शंभर वर्षांनंतरही शाबूत आहे. तेवढं मला बिघडवता आलं नाही.

रॉजर्स कंपनीला कसब दाखवायची हौसही होती. १८२२ मध्ये तिनं १,८२२ पात्यांचा एक चाकू बनवला आणि पुढे वर्षागणिक एकेक पातं वाढवत नेलं. तो खिशात मावणं शक्यच नव्हतं. पण बघणाऱ्याला कळायचं की एवढी पाती एकत्र बसवणारे हात या गावात आहेत.

हे हात कोणाचे? इथे माझी मूळ शंका येते. चाकूवर राणीचं नाव आहे, मालकाचं आहे, गावाचं आहे. बनवणाऱ्याचं कुठेच नाही.

आणि बनवणारा एक नव्हताच. एकजण पातं घडवायचा, दुसरा दगडावर घासून धार काढायचा, तिसरा स्प्रिंग, मूठ आणि पातं जुळवून रिव्हेट ठोकायचा. यांतले बरेच ‘लिटल मेस्टर’, म्हणजे छोटे उस्ताद. भाड्यानं बाक घ्यायचा, चाकाच्या शक्तीचंही भाडं द्यायचं आणि मोठ्या कंपनीसाठी नगावर काम करायचं. पॉलिशचं काम पुष्कळदा बायकांकडे असे. अंगाला कागद बांधून त्या दिवसभर फिरत्या चाकासमोर उभ्या राहत.

सगळ्यात वाईट अवस्था घासणाऱ्यांची. हा माणूस लाकडी खोगिरासारख्या बैठकीवर पाय फाकून बसायचा, दगडावर ओणवा होऊन. दगडाची आणि पोलादाची धूळ थेट नाकातोंडात. काटे कोरडेच घासत, सुऱ्या पाण्यानं ओल्या केलेल्या दगडावर, आणि खिशातल्या चाकूच्या लहान पात्यांना दोन्ही लागे. फ्रेडरिक एंगल्सनं १८४५ च्या पुस्तकात शेफील्डच्या डॉ. नाइट यांचा दाखला दिला आहे. कोरडं घासणारे जेमतेम पस्तिशीपर्यंत जगत, ओलं घासणारे क्वचित पंचेचाळिशीच्या पुढे. याला गावात ‘घासणाऱ्यांचा दमा’ म्हणत. आज आपण सिलिकोसिस म्हणतो.

डॉ. नाइट आणखी एक गोष्ट सांगतात, ती मला विसरता येत नाही. घासणाऱ्यांमध्ये दारुडे सर्वांत जास्त जगत. कारण? ते कामावर कमी यायचे. उपाय नव्हते असं नाही. लोहकण ओढून घेणारं चुंबकी साधन निघालं होतं, धूळ बाहेर नेणारे पंखेही होते. पण कामगारांनीच विरोध केला. माणसं जास्त जगली तर या धंद्यात गर्दी वाढेल आणि मजुरी पडेल, अशी त्यांना धास्ती होती. ऐकताना अंगावर काटा येतो, पण नगावर पोट असलेल्या माणसाचं गणित आपल्याकडेही काही वेगळं नसतं.

आता मूठ पाहू. शेफील्डच्या कारखान्यांत सांबरशिंग जाई ते आपल्या भारतातून. म्हणजे इथल्या रानात गळून पडलेलं शिंग बोटीनं तिकडे गेलं असेल आणि चाकूची मूठ होऊन एका कारकुनाच्या खिशात परत आलं असेल. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारतानं या शिंगांच्या निर्यातीवर बंदी घातली. हस्तिदंती मुठीचे जुने चाकूही सापडतात. पण मंडळी, भारतात हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव कायद्यानं बंद आहे, वस्तू जुनी असली तरी. मोहात पडून विकत घेऊ नका.

शेवटचा माणूस सांगतो. स्टॅन शॉ. जन्म १९२६. चौदाव्या वर्षी शेफील्डमध्ये उमेदवारीला लागले आणि नव्वदीपर्यंत हातानं घडीचे चाकू बनवत राहिले. गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं थांबायची. २०२१ मध्ये ते गेले. त्यांच्या चाकवांवर त्यांचं स्वतःचं नाव असे. गावाच्या सहाशे वर्षांच्या धंद्यात बाकावरच्या माणसाचं नाव लोकांच्या तोंडी झालं ते असं, धंदा जवळजवळ संपल्यावर.

तुमच्या घरी जुना चाकू असेल तर इतकंच करा. पॉलिश करू नका, धारही लावू नका. पात्यावरचा राखाडी-काळा थर हे त्याचं वय आहे, तो राहू द्या. लाल गंज असेल तर मऊ कापड आणि मशीनचं तेल, हलक्या हातानं. चामड्याच्या पाकिटात ठेवू नका, चामडं ओल धरतं. मूठ सेल्युलॉइडची असेल तर तो चाकू वेगळा ठेवा. जुनं सेल्युलॉइड कुजलं की त्याच्या वाफेनं शेजारचे चाकूही गंजतात. आणि टँगचा फोटो आधी काढून ठेवा.

माझं ‘आर’ काही परत येणार नाही. पण त्या दुकानात पॉलिश चालू असताना मी दोन मिनिटं नाकाला रुमाल लावून उभा होतो, हे मला आता आठवतं. चाक फिरवणाऱ्या माणसाच्या तोंडाला काहीच नव्हतं. त्याचं नावही मी विचारलं नाही. परवा त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा विचारून आलो.

तुमच्या घरातल्या चाकवांच्या, अडकित्त्यांच्या, विळ्यांच्या गोष्टी जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.