बी नसलेल्या फुलाची गोष्ट

मसालेदुधात टाकायला आपण एक ग्रॅम केशराची डबी मागवतो. किंमत बघून दचकतो आणि चार काड्या मोजून टाकतो. त्या एका ग्रॅमसाठी साधारण दीडशे फुलं लागतात. प्रत्येक फुलात तीनच लाल तंतू असतात आणि ते हाताने वेगळे करावे लागतात. किलोचा हिशोब केला तर दीड लाखाच्या आसपास फुलं होतात. केशर महाग का, याचं हे उत्तर आपण कुठेतरी वाचलेलं असतं. पण या फुलाची याहून विचित्र एक गोष्ट आहे, आणि त्याचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो. केशराला बी धरत नाही.

केशराचं शास्त्रीय नाव क्रोकस सटायवस. क्रोकस ही आयरिसच्या कुळातली एक प्रजाती, म्हणजे गुच्छात मिळणाऱ्या ग्लॅडिओलसची लांबची बहीण. हिच्यात शंभराहून जास्त जाती आहेत आणि बहुतेक जाती रानात बी टाकून मजेत वाढतात. केशराच्या पेशीत मात्र गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच आहेत. बी तयार होताना संचांचे दोन समान वाटे व्हावे लागतात. तिनाचे दोन समान वाटे होत नाहीत, म्हणून फूल येतं, पण त्यातून पुढे काही होत नाही.

मग हे झाड टिकलं कसं? जमिनीखाली त्याचा कांद्यासारखा छोटा कंद असतो. दरवर्षी जुना कंद संपतो आणि त्याच्या अंगावर नवे कंद येतात. काही वर्षांनी माणसाने ते उकरायचे, सुटे करायचे आणि पुन्हा लावायचे. वारा हे काम करत नाही, पक्षीही करत नाहीत. म्हणून रानात केशर सापडत नाही. आज जगात जिथे जिथे केशर आहे, तिथे ते कुणीतरी हातात घेऊन आलेलं आहे.

पहिले हात बहुधा ग्रीसमधले. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांतून दिसलं की केशराचा पूर्वज क्रोकस कार्टराइटियानस ही रानटी जात आहे आणि अथेन्सच्या आसपासच्या झाडांशी त्याचं सर्वात जवळचं नातं जुळतं. त्याच समुद्रात दक्षिणेला सँटोरिनी बेट आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथल्या ज्वालामुखीच्या राखेखाली अक्रोटिरी हे गाव गाडलं गेलं. 1967 पासून ते उकरायला सुरुवात झाली, तेव्हा एका घराच्या भिंतींवर चित्रं मिळाली. खडकाळ उतारावर मुली क्रोकसची फुलं खुडताहेत आणि टोपलीत भरून एका देवीकडे नेताहेत. तिथे राजा नाही, लढाई नाही. भिंतभर आहेत त्या फुलं वेचणाऱ्या मुली.

तिथून हा कंद पूर्वेला कसा आला? काश्मिरात पांपोरला याच्या दोन गोष्टी सांगतात. एकीत तक्षक नागाचे डोळे दुखत होते. एका वैद्याने ते बरे केले आणि नागाने त्याला केशराचा कंद दिला. दुसरीत बाराव्या शतकातले दोन सूफी संत प्रवासात आजारी पडले. गावाच्या प्रमुखाने त्यांना औषध दिलं आणि त्यांनी उपकाराची फेड म्हणून कंद दिला. धर्म वेगळे, काळ वेगळा, पण सांगाडा एकच. कुणीतरी आजारी पडतं, कुणीतरी बरं करतं आणि कंद या हातातून त्या हातात जातो.

तारखांच्या कसोटीला सूफी संतांची गोष्ट उतरत नाही. त्याच बाराव्या शतकात कल्हणाने 'राजतरंगिणी' लिहिली आणि काश्मीरच्या दुर्मिळ सुखांमध्ये विद्या, उंच घरं, बर्फाचं पाणी आणि द्राक्षं यांच्या पंगतीला केशर बसवलं. कालपरवा आलेल्या पिकाला असा मान मिळत नाही. त्याच्याही कितीतरी आधीच्या अमरकोशात केशराची दोन नावं सापडतात. एक 'काश्मीरजन्म' आणि दुसरं 'बाह्लीक', म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खकडचं. एकाच वस्तूच्या नावात दोन पत्ते आहेत, आणि ते इराण-अफगाणिस्तानच्या वाटेकडे बोट दाखवतात.

इंग्लंडमध्येही अशीच गोष्ट आहे. रिचर्ड हॅकलुटने सोळाव्या शतकात लिहून ठेवलं आहे की एका यात्रेकरूने पोकळ काठीत लपवून केशराचा कंद मायदेशी आणला. खरंखोटं देव जाणे. पण या सगळ्या गोष्टींना एक वनस्पतीशास्त्रीय सत्य नेमकं माहीत होतं. केशर आपोआप येत नाही, ते आणणारा कुणीतरी असावाच लागतो.

आणि हातांची साखळी तुटूही शकते. 1877 ते 1879 या काळात काश्मिरात भीषण दुष्काळ पडला. पुढे तिथे जमीन महसुलाचं काम केलेल्या वॉल्टर लॉरेन्सने 1895 च्या आपल्या पुस्तकात नोंदवलं आहे की भुकेल्या लोकांनी केशराचे कंद खाल्ले. ज्वारीचं बियाणं खाल्लं तर पुढच्या वर्षी दुसरीकडून पोतं आणता येतं. इथे मात्र कंद म्हणजेच झाड आणि कंद म्हणजेच पुढची सगळी वर्षं. तरीही उपाशी पोराला पुढची वर्षं कशी दाखवणार? लोकांनी खाल्लं, आणि ते जगले असतील तर बरंच झालं. नंतर पांपोरच्या वावरांसाठी डोंगरापलीकडच्या किश्तवाडहून कंद आणावे लागले. किश्तवाडला केशर नसतं, तर?

या हातांना काय मिळालं, हेही बघायला हवं. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत पांपोरच्या केशराचं कौतुक केलं आणि वेचणाऱ्यांना मजुरी मिठात देण्याची रीतही नोंदवली. काश्मिरात मीठ होत नसे, ते खालून मैदानातून यायचं. जगातला सर्वात महाग मसाला वेचून त्यांनी घरी मीठ नेलं.

महाग वस्तू आली की भेसळ आलीच. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात केशर तपासायची खास यंत्रणा होती. 1444 साली तिथे योब्स्ट फिंडेकर नावाच्या माणसाला भेसळीच्या गुन्ह्यासाठी त्याच्याच मालासकट जाळण्यात आलं. आपल्याकडची भेसळ जास्त ओळखीची आहे. सोलापूर-मराठवाड्यात रब्बीला दिसणाऱ्या करडईच्या पाकळ्या वाळवल्या की लांबून केशरासारख्या दिसतात आणि पाण्यात रंगही सोडतात. करडई हे गुणी पीक, पण बाजाराने तिला तोतयाची भूमिका दिली.

मराठी घराने मात्र केशराची जागा वेगळ्याच पद्धतीने भरून काढली. संस्कृतात 'कुंकुम' म्हणजे केशर. त्याच शब्दाचं आपण कुंकू केलं आणि ते हळदीपासून बनवलं. केशर परवडलं नाही तरी नाव सोडलं नाही. आजीच्या करंड्यात काश्मीरचा एक शब्द कायम होता, वस्तू फक्त आपल्या शेतातली होती.

हा इतिहास संपलेला नाही. त्या यात्रेकरूच्या गोष्टीतलं इंग्लिश गाव केशरावर इतकं श्रीमंत झालं की त्याचं नावच सॅफ्रन वॉल्डन पडलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथली शेती संपली आणि नाव तेवढं पाटीवर उरलं. पांपोरचं तसं होऊ नये, ही आजची चिंता आहे. 1990 च्या दशकात काश्मिरात साडेपाच हजार हेक्टरांहून जास्त जमीन केशराखाली होती. 2010 पर्यंत ती चार हजारांच्या खाली आली. शरदातला पाऊस वेळेवर येत नाही, वावरांवर घरं आणि रस्ते चढले, सिमेंट कारखान्यांच्या धुळीच्या तक्रारी आहेत. 2010 मध्ये राष्ट्रीय केशर मिशन सुरू झालं, 2020 मध्ये काश्मिरी केशराला भौगोलिक मानांकन मिळालं. पण जगातलं सुमारे नव्वद टक्के केशर आज इराणचं आहे.

दरम्यान पुण्यात काही तरुणांनी बंद कंटेनरमध्ये थंडी निर्माण करून केशर फुलवलंय. कंदात साठवलेल्या अन्नावर फूल मातीशिवायही येतं, म्हणून हे जमतं. पण ते कंद काश्मिरातून आणावे लागले. म्हणजे तंत्र कितीही नवं असो, सुरुवात पुन्हा कुणाच्या तरी हातातल्या कंदानेच झाली. कुणी काठीत लपवून नेला, कुणी उपकाराची फेड म्हणून दिला, आता कुणी कुरिअरने पाठवतो. पांपोरच्या शेतकऱ्याच्या पुढच्या पिढीला कंद उकरून पुन्हा लावणं परवडलं नाही, तर पाठवायला तो कुणाकडे असेल?