भेटीचा रोजनामा

‘जालना, सोने का पालना’ असं आमचे व्यापारी मोठ्या ऐटीत सांगतात. पाळण्यातल्या लेकरासाठी भांडायची वेळ आली, की मात्र याच जालनेकरांना औरंगाबाद गाठावं लागे. १८९०च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा आणि ते साठेक किलोमीटरवर. अपिलाला थेट मुंबई. १ मे १९८१ला जालना जिल्हा झाला, २७ ऑगस्टला औरंगाबादचं खंडपीठ सुरू झालं आणि भांडण घराजवळ आलं.

१८९०चा तो कायदा आमच्याकडे आला तोही उशिराच. निजामाच्या मुलखाला तो लागू नव्हता. १९५१मध्ये हैदराबाद राज्यात आला. त्याचं १९वं कलम सांगे, की बाप हयात आहे आणि नालायक ठरत नाही, तोवर दुसरा पालक नेमू नये. त्या कलमात आईचं नाव यायला २०१० उजाडलं! मधल्या काळात १९५६च्या हिंदू कायद्याने पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे ठेवलं आणि मुलाच्या हिताला सर्वांत वर बसवलं.

ताबा ठरवताना विचारायचा ‘हा किंवा ही दुसऱ्या पालकाला मूल भेटू देईल का?’ हा प्रश्न मात्र यांतल्या एकाही कलमात लिहिलेला नाही. माझ्या वकिलीच्या अनुभवात तो भेटीच्या अर्जांतून आला. कोर्ट रविवारची भेट ठरवतं. बाप येऊन बसतो. आईकडून निरोप येतो, पोराला ताप आहे. पुढच्या वेळी पुन्हा ताप. कधी मूल बापाकडे असतं आणि ताटकळते ती आई. हे सगळं रोजनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, चढत जातं, आणि निकालाच्या दिवशी आमच्या उलटतपासणीपेक्षा तेच जास्त बोलतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये, बापाकडे वाढलेल्या मुलीचा ताबा आईला देताना, मुलाचं मन दुसऱ्या पालकाविरुद्ध फिरवण्याच्या प्रकाराची दखल घेतली. २०२०मध्ये दोन्ही पालकांचं प्रेम हा मुलाचा मूलभूत मानवी हक्कच असल्याचं म्हटलं. विधी आयोगाने २०१५मध्ये संयुक्त ताब्याची शिफारस केली होती. तिचा कायदा झाला नाही.

दुसऱ्या पालकाला भेटू देण्याची ही कसोटी मला पटते, पण आमच्या जिल्ह्यात ती जपून लावावी लागते. अंबड, घनसावंगी, मंठ्याकडची माणसं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. संसार मोडला की कोयताही मोडतो, पण आगाऊ घेतलेली उचल फेडायची राहतेच. मग बाई भावासोबत कारखान्यावर जाते आणि लेकरू आजीजवळ राहतं. रविवारी ती कोर्टात दिसत नाही. हा नकार नव्हे, पण रोजनाम्यात तो नकारासारखाच दिसतो.

मार खाल्लेल्या बाईचं आणखी अवघड. ती भेटीला आडकाठी करते ती भीतीने. ऑस्ट्रेलियाने २००६मध्ये ही कसोटी थेट कायद्यात घातली. तिथल्या बायका मारहाण सांगायलाच कचरू लागल्या. सांगितलं तर आडमुठी ठरू, ही धास्ती. शेवटी २०१२पासून ती तरतूद काढून टाकावी लागली.

म्हणून तरुण वकिलांना एवढंच सांगणं: भेटीची पुरसीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, लिहिताना ‘दर रविवारी’ एवढ्यावर थांबू नका. हंगामाचे महिने, फोनची वेळ, मुलाला आणणारं माणूस हे सगळं लिहा. मारहाणीची तक्रार असेल, तर पहिल्याच अर्जात लिहा.