पेटी आली काय?

गुरुवार, 10 ऑगस्ट 2023. रात्रीचे साडेनऊ वाजलेत आणि तुम्ही अमरावतीतल्या एका जुन्या वितरकाच्या ऑफिसात कोपऱ्यातल्या लोखंडी खुर्चीवर बसला आहात. तुम्ही कुणाला दिसत नाही. भिंतीवर लक्ष्मीचा फोटो आहे, त्याखाली सी.पी. बेरारचा नकाशा. इंग्रज गेले, प्रांत गेले, राज्यं नव्यानं आखली गेली, पण सिनेमाच्या धंद्यानं जुन्या सीमा मोडल्या नाहीत. विदर्भ अजून सी.पी. बेरारमध्ये, मराठवाड्याचा बराच भाग निझाममध्ये, पुणे-मुंबई-गोवा बॉम्बे टेरिटरीत.

उद्या ‘गदर 2’ लागतोय, बावीस वर्षांनी. टेबलावरचे तीन मोबाइल थांबत नाहीत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, ‘उद्या किती?’ कुणी म्हणतं पंचवीस कोटी, कुणी तीस. एक जण पस्तीस म्हणतो आणि लगेच ‘पण सांगता येत नाही’ अशी पुस्ती जोडतो. धास्ती खरी आहे, कारण समोर ‘ओएमजी 2’ आहे, तिकडे आजच रजनीकांतचा ‘जेलर’ लागलाय. शिवाय अधिक श्रावण चालू आहे. जुलैअखेर धो धो कोसळलेल्या पावसानं ऑगस्टात दडी मारली आहे, सोयाबीन माना टाकतंय. अशा दिवसांत लोक सिनेमाला बाहेर पडतात का, हा प्रश्न मुंबईच्या कुठल्याही तक्त्यात नसतो. तो इथे विचारला जातो.

शेठ अ‍ॅप उघडत नाहीत. ते तालुक्याच्या एका टॉकीजच्या मॅनेजरला फोन लावतात.

“भाऊ, खिडकीवर बाया येऊन गेल्या काय?”

“सकायपासून इचारून राह्यल्या शेठ. लहान पोराचं तिकीट लागते काय म्हून.”

शेठ फोन ठेवतात आणि समोरच्या कागदावरचा आकडा खोडून वर दुसरा लिहितात. तुम्ही मान लांब करून बघायला जाता, तेवढ्यात लाइट जाते.

लाइट येते तेव्हा ऑगस्ट 2001 आहे.

तुम्ही तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर उभे आहात. काल पोळा झालाय, आज तान्हा पोळा, पोरं लाकडी नंदीबैल ओढत हिंडतायत. बैलांच्या शिंगांचा हिंगूळ अजून ताजा आहे. फाटकाशी वीस-पंचवीस माणसं उभी आहेत, पण त्यांना कुठे जायचं नाही. ती पेटीची वाट बघतायत.

‘गदर’ 15 जूनला देशभर लागला. त्याच शुक्रवारी आशुतोष गोवारीकरांचा ‘लगान’ही आला. माझं मत विचाराल तर दोघांत ‘लगान’ थोर, आणि तो पुढे ऑस्करच्या अंतिम पाचांत पोचला तेव्हा आपल्याकडे किती आनंद झाला ते आठवतं. पण तिकीटबारीवर ‘गदर’ त्याच्या दुपटीहून पुढे गेला. पंजाबात पहाटेचे खेळ लावावे लागले. या गावाला मात्र ते सगळं पेपरातून आणि नागपूरला जाऊन आलेल्या मंडळींकडूनच कळलंय. प्रिंटा मोजक्या असतात. आधी त्या मोठ्या शहरांत चालतात, मग जिल्ह्याला येतात, आणि घासून-पुसून रेघा पडल्या की तालुक्याला. दोन महिने या गावानं पिक्चर न बघता ऐकलाय. ज्यानं बघितला त्याला चहा पाजून लोकांनी त्याच्याकडून हातपंपाचा सीन तीन-तीनदा वदवून घेतलाय. आणि सांगणारा दर वेळी पंप थोडा आणखी खोलवरून उपटतो.

“पेटी आली काय बे?”

“नाई अजून. मांगच्या गाडीत हाय म्हंते.”

मागची गाडी येते. टपावरून पत्र्याची पेटी उतरते, सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधली जाते आणि ती माणसं तिच्यामागून चालत निघतात. पेटीत रिळांचे गोल डबे एकावर एक रचलेले असतात. ऑपरेटर ते तपासतो, तुटलेली फिल्म जोडतो, चिकटपट्टी लावतो. दोनचा खेळ साडेतीनला सुरू होईल आणि कुणी तक्रार करणार नाही.

टॉकीजच्या खिडकीला मूठ जेमतेम जाईल एवढंच भोक आहे. दहाच्या तीन नोटा धरून हात आत गेला की तो तिकीट घेऊनच बाहेर येतो, मग कडेच्या पत्र्यानं मनगट खरचटलं तरी चालतं. तुमच्या पुढे एक माणूस आहे, सोबत बारा वर्षांचा पोरगा. माणूस मनगट झटकत बाहेर येतो, तिकिटाचे गुलाबी चिटोरे पोराच्या हातात देतो आणि म्हणतो, “धर घट्ट.” आत लाकडी बाकं आहेत. तुम्ही त्यांच्याच बाकावर जागा धरा.

अंधार होतो. ओम पुरींच्या आवाजात फाळणीची गोष्ट सुरू होते. रेल्वे, कापलेली माणसं, आणि त्या आगीतून सकीना नावाच्या मुसलमान मुलीला वाचवणारा शीख ट्रक ड्रायव्हर तारा सिंग. बूटा सिंग नावाच्या खऱ्या माणसाच्या दुःखाचा धागा या गोष्टीत आहे. आज बोलताना लोक फक्त पंप आणि आरोळी सांगतात, म्हणून हे मुद्दाम पाहून घ्या की मध्यंतरापर्यंत हे थिएटर तारा आणि सकीनाच्या संसारात रमलंय. बायका पदर डोळ्यांना लावतायत. सीमेपलीकडच्या मुलीनं इकडच्या अंगणात चूल मांडावी, असं या गावाला मनापासून वाटतंय. त्या मायेवर तर पुढचा संताप उभा आहे.

मग तो सीन येतो. सगळ्यांना तो पाठ आहे, ऐकून पाठ आहे. तारा सिंग हातपंपाला मिठी घालतो, तेव्हा पडद्यावर पंप हलायच्या आधीच बाकं हलतात. चिल्लर उडते. एक नाणं तुमच्या खांद्यावर आपटून खाली जातं. पोरगा बाकावर उभा राहिलाय, आणि त्याच्या बापानं त्याला खाली बसवायच्या ऐवजी कंबरेला धरून आणखी उंच केलंय.

हा क्षण नीट लक्षात ठेवा. शुक्रवारच्या आकड्यावर पैसा लावणारी माणसं पुढे बावीस वर्षं याचीच किंमत विसरणार आहेत.

आता वर्षं भराभर सरतात. 12 जानेवारी 2005ला अमरीश पुरी जातात, आणि त्यांच्याबरोबर सकीनाचा बाप, अशरफ अली. 6 जानेवारी 2017ला ओम पुरींचा आवाज थांबतो. मल्टिप्लेक्स शहरांत पसरतात, तिकीट शेकड्यांत जातं, आणि तुमच्या त्या टॉकीजच्या दाराला कुलूप लागतं. तुम्ही एकदा तिथून जाता तर बाकांच्या जागी लग्नाच्या पंगती बसलेल्या, स्टेजमागे पडद्याची चौकट तेवढी उरलेली. मला याचं वाईट वाटतं आणि ते मी लपवणार नाही. टॉकीज बंद झालं की गावाचं सिनेमा बघणं थांबत नाही, मोबाइलवर ते सुरू राहतं. पण एकाच वेळी चारशे माणसांचं ओरडणं थांबतं, आणि पुढच्या पिक्चरची वाट सगळ्यांनी मिळून बघणंही.

तारा सिंग झालेला सनी देओल पडत राहतो. 2018मध्ये ‘मोहल्ला अस्सी’, ‘भैयाजी सुपरहिट’, 2019मध्ये ‘ब्लँक’. ‘गदर’चे दिग्दर्शक अनिल शर्मा 2018मध्ये आपल्या मुलाला, उत्कर्षला, घेऊन ‘जीनियस’ काढतात, तोही चालत नाही. हाच उत्कर्ष ‘गदर’मधला ताराचा मुलगा, छोटा जीते होता. मार्च 2020मध्ये देशातले सगळेच पडदे काळे होतात.

15 ऑक्टोबर 2021. दसरा. ‘गदर 2’ची घोषणा होते. तुम्ही त्या दिवशी महाराष्ट्रातल्या कुठल्याही टॉकीजपाशी जाऊन बघा, कुलूपच दिसेल. आपली चित्रपटगृहं उघडायला अजून आठवडा आहे, 22 तारखेला ती उघडतील. सोनं म्हणून आपट्याची पानं वाटताना कुणीतरी मोबाइलवर ते पोस्टर पाहतं आणि पुढे ढकलतं. साठी ओलांडलेला नायक, पडलेला दिग्दर्शक, आणि लागायला थिएटर नाही. धंद्यातल्या माणसानं या कागदावर शून्य लिहिलं असतं तर त्याला दोष देता आला नसता.

पण निर्मात्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. 9 जून 2023ला त्यांनी जुना ‘गदर’ स्वच्छ करून, 4के करून पुन्हा लावला. त्या खेळांना तुम्ही जाऊन बसाल तर पडद्याकडे कमी आणि बाजूला जास्त बघाल. तिशी-चाळिशीची माणसं पोरांना घेऊन आलेली, संवाद पडद्याच्या आधी म्हणतायत. 26 जुलैला, कारगिल विजय दिवशी, ट्रेलर आला. आता गोष्ट 1971ची होती. तारा सिंग पुन्हा सीमा ओलांडणार होता, या वेळी मुलासाठी.

शुक्रवार, 11 ऑगस्ट 2023. दुपारचा खेळ. जिल्ह्याच्या गावात एक जुनं टॉकीज अजून तग धरून आहे, तुम्ही त्याच्या बुकिंगपाशी आहात. पेटी आता येत नाही. पिक्चर हार्डडिस्कमध्ये कुलूपबंद असतो, आणि ठरल्या वेळी ‘की’ आली की तो उघडतो. तरी ऑपरेटरच्या खोलीबाहेर एक म्हातारा डोअरकीपर आपल्या जुन्या शब्दांत विचारतोच, “आली काय?”

रांग फाटकाबाहेर गेलीय. इथे मोबाइल दाखवून आत जाणारे थोडे आहेत. बाकीच्यांच्या हातात नोटा आहेत. मुंबईतल्या अंदाजाला ही माणसं दिसत नाहीत याचं कारण एवढं साधं आहे, ती आधी बुकिंग करत नाहीत. ती येतात, विचारतात, मिळालं तर बसतात, नाही तर पुढच्या खेळाला थांबतात.

आणि पुढे तो आहे. चौतिशीचा झालाय, केस मागे हटलेत, पण मनगट झटकायची बापाची सवय आलीय. बाजूला बाप, हातात काठी. मध्ये सात-आठ वर्षांची मुलगी.

“लहान पोरीचं लागते काय तिकीट?”

“लागते भाऊ. मांडीवर बसवाची असन त नाई.”

“नाई, तिले खुर्ची पाह्यजे.”

बाप म्हणतो, “पैसे म्या देतो.” मुलगा नको म्हणत नाही.

आकडे इथेच सांगून टाकतो, म्हणजे आत गेल्यावर मध्ये येणार नाहीत. कर वजा जाता देशात त्या शुक्रवारी 40 कोटी 10 लाख आले. शनिवारी 43 कोटी, रविवारी 51 कोटी 70 लाख. सोमवार सिनेमाला कसाला लावतो, त्या दिवशीही 38 कोटींच्या वर. 15 ऑगस्टला, प्रदर्शनाच्या पाचव्या दिवशी, 55 कोटी 40 लाख, म्हणजे पहिल्या दिवसापेक्षा जास्त. त्या शुक्रवार ते रविवारच्या तीन दिवसांत ‘जेलर’, ‘ओएमजी 2’ वगैरे सगळे धरून देशातल्या थिएटरांत 2 कोटी 10 लाख माणसं आली, असं मल्टिप्लेक्स संघटनेनं आणि निर्मात्यांच्या गिल्डनं सांगितलं. भीती होती की दोन हिंदी पिक्चर एकमेकांना खातील. उलट एकाचं तिकीट न मिळालेला दुसऱ्याला जाऊन बसला. शेवटी ‘गदर 2’ 525 कोटींवर थांबला, त्याच वर्षीच्या ‘पठाण’च्या हिंदी कमाईच्या किंचित पुढे.

शेठनी रात्री खोडून काय लिहिलं होतं, ते तुम्ही पाहिलं नाहीत. मला वाटतं त्यांनी बायांचा प्रश्न ऐकला होता. एक बाई चौकशीला येते तेव्हा तिच्यामागे पाच तिकिटं असतात.

चला आत. ‘की’ आली.

अंधार होतो, आणि गोष्ट सांगायला या वेळी आवाज येतो नाना पाटेकरांचा. मागच्या रांगेतून कुणीतरी “आपला नाना!” म्हणून ओरडतं. पिक्चर पुढे सरकतो. मी त्याला थोर म्हणणार नाही, कथा बऱ्याच जागी ताणलेली आहे, आणि शेजारी देशाच्या नावानं खुर्च्यांतून उठणाऱ्या काही घोषणा ऐकून मला बरं वाटत नाही. पहिल्या गोष्टीत सकीनासाठी जे डोळे ओले झाले होते, ते इथे कोरडे राहतात. तरी बाप आणि मुलगा समोरासमोर येतात तेव्हा शेजारचा म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून पुढे झुकतो.

मग जमाव तारा सिंगला घेरतो. तो मागे सरत नाही. इकडे तिकडे बघतो, आणि त्याची नजर बाजूला उभ्या असलेल्या एका हातपंपावर थांबते.

एवढंच. तो पंपाला हात लावत नाही. जमाव पंपाकडे बघतो, मग ताराकडे, आणि पळत सुटतो.

थिएटर फुटतं. माणसं खुर्च्यांवर चढलीत, शिट्ट्यांत पुढचा संवाद बुडून गेलाय, चिल्लर नाही पण कागदाचे बोळे उडतायत, आणि चौतिशीचा तो माणूस उभा राहून बापाकडे बघत हसतोय. बापही काठी टेकत उठलाय.

मुलगी मात्र खुर्चीत बसूनच पडद्याकडे बघतेय. तिला पडद्यावर काहीच झालेलं दिसलं नाही.

“आबा, काय झालं? सगळे कायले ओरडले?”

म्हातारा वाकतो, काठी मांडीत धरतो आणि तिच्या कानाशी तोंड नेतो. आवाजात काही ऐकू येत नाही म्हणून दोन्ही हात पुढे करून, हवेतला एक जाड दांडा घट्ट धरून, तिला उपटून दाखवतो.