मुक्तस्रोत संगणक-दूरचित्रवाणी जोडणी

मुक्तस्रोत संगणक-दूरचित्रवाणी जोडणी : लिनक्ससारख्या मुक्तस्रोत प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाचे चित्र व आवाज टीव्हीवर आणण्याची पद्धत. प्रोजेक्टरप्रमाणे खोलीत अंधार करावा लागत नसल्याने वर्गात टीव्ही सोयीचा ठरतो.

साधने : १९८०च्या दशकातील घरगुती संगणक टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटला जोडले जात. व्हीजीए (१९८७) केबलमधून फक्त चित्र जाते; आवाजासाठी वेगळी वायर लागते. २००२ मध्ये आलेल्या एचडीएमआय मानकाने चित्र आणि आवाज एकाच केबलमध्ये आणले. रास्पबेरी पाय (२०१२) हा तळहाताएवढा संगणक ५ व्होल्टवर चालतो व थेट टीव्हीला जोडता येतो. त्यावर लिब्रेइलेक ही प्रणाली घातली, की संगणक सुरू होताच कोडी (२०१४ पूर्वीचे नाव एक्सबीएमसी) हा माध्यमवादक उघडतो आणि बहुतेक वेळा टीव्हीच्याच रिमोटने चालवता येतो. साध्या पीसीच्या एचडीएमआय पोर्टवर मात्र ही रिमोटची सोय सहसा नसते.

जोडणी : टीव्ही आधी सुरू करून योग्य इनपुट निवडावा. टीव्ही आपली क्षमता संगणकाला कळवतो आणि लिनक्स त्यानुसार रिझोल्यूशन ठरवते. चित्र आले पण आवाज नाही, ही नेहमीची अडचण. ध्वनी सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून एचडीएमआय निवडल्यास ती बहुधा सुटते. चित्राच्या कडा कापल्या जात असतील, तर टीव्हीवरील ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ पर्याय लावावा.

शालेय वापर : महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात वाड्यावस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ (२०१५) कार्यक्रमाच्या काळात राज्यभर अशा अनेक शाळा लोकवर्गणीतून ‘डिजिटल’ झाल्या. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड ज्या ‘दीक्षा’ मंचावर नेतात, तो (२०१७) ‘सनबर्ड’ या मुक्तस्रोत प्रणालीवर उभा आहे. सी-डॅकने विकसित केलेल्या ‘बॉस’ लिनक्समध्ये मराठीची सोय आहे. इंटरनेट भरवशाचे नसेल, तेथे व्हिडिओ आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन व्हीएलसी या माध्यमवादकातून दाखवता येतात. वीजभारनियमनात रास्पबेरी पायची मोजकी वीजगरज उपयोगी पडते. मात्र टीव्हीसाठी इन्व्हर्टर लागतोच.

मर्यादा : प्रणाली मुक्त असली, तरी एचडीएमआय हे परवान्याखालचे मानक आहे. एचडीएमआय २.१ची पूर्ण क्षमता मुक्तस्रोत ड्रायव्हरमध्ये आणण्याचा एएमडी या चिप कंपनीचा प्रस्ताव एचडीएमआय फोरमने नाकारल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. स्वामित्वशुल्क नसलेले डिस्प्लेपोर्ट मानक टीव्हीवर क्वचितच आढळते. एचडीएमआय २.१ची ही अडचण ४के चित्र सेकंदाला १२० वेळा दाखवण्यासारख्या वापरात जाणवते. धड्यांचे व्हिडिओ दाखवण्यास जुने एचडीएमआय पोर्टही पुरेसे आहे.