माणिकगड पहाडावरील सायकल

चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, तेलंगणच्या सीमेला लागून असलेल्या जिवती तालुक्यातील सायकलचा इतिहास पाहताना प्रथम भूगोलाचा विचार करावा लागतो, कारण गडचांदूरच्या सपाटीवरून माणिकगड पहाडावर चढणाऱ्या घाटात सायकल हाती धरून न्यावी लागते आणि परतीच्या उतारावर तीच आवरणे अवघड होते. हा प्रदेश पूर्वी राजुरा तालुक्याचा भाग होता. निजामाच्या राज्यात तो आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि 1959 मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात आला. लुधियानात हीरो सायकल्सचा कारखाना निघाला तेही वर्ष 1956 च होते. त्याआधी वरळीत हिंद सायकल्स आणि सोनिपतला अ‍ॅटलस हे कारखाने सुरू झालेले असल्यामुळे परदेशी सायकलवरचे अवलंबित्व झपाट्याने कमी होत होते. तथापि कोलाम व गोंड समाजाचे गुडे, म्हणजे छोट्या वस्त्या, पायवाटांनी आणि बैलगाडीच्या चाकोऱ्यांनी जोडलेले असलेल्या पहाडावर स्वस्त सायकलपेक्षा पक्का रस्ता अधिक दुर्मीळ होता.

ग्रामीण महाराष्ट्रात रुळलेली सायकल म्हणजे दांडीची, जड पोलादी सांगाड्याची आणि सळईच्या ब्रेकची. मूठ दाबली की सळई वर ओढली जाऊन रबराचे गट्टू रिमच्या आतल्या कडेला घासतात, अशी या ब्रेकची रचना असते. पोलादी रिम पावसाने भिजली की हे घर्षण फार घटते आणि सपाटीवर चालून जाणारा हा दोष घाटात जिवावर बेततो. म्हणूनच उतार लागण्यापूर्वी गट्टू झिजले आहेत का हे पाहणे, दोन्ही ब्रेक आलटून-पालटून हलके दाबत वेग आधीपासूनच कमी ठेवणे आणि केवळ पुढचा ब्रेक एकाएकी न दाबणे, हे नियम डोंगराळ भागात प्राथमिक ठरतात. दुरुस्तीचेही तसेच आहे: पंक्चर काढताना ट्यूब घासून, सोल्युशन लावून, ते कोरडे पडल्यावरच ठिगळ चिकटवावे लागते, तर चाकाचा ‘आऊट’ काढणे, म्हणजे आऱ्यांचा ताण कमीजास्त करून रिम सरळ फिरेल असे करणे, हे खरे कौशल्याचे काम होय, कारण वाकडी रिम गट्टूंना समान लागत नाही. अनेक नगरपालिकांनी सायकलला बिल्ला, रात्री दिवा आणि डबलसीटला दंड अशी शिस्त लावली होती. घाटातील सुरक्षिततेला मात्र तिचा उपयोग बेताचाच, हे मान्य करावे लागते.

याच जिल्ह्यातील वरोऱ्याच्या आनंदवनाच्या बाबा आमटे यांनी डिसेंबर 1985 मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर ही ‘भारत जोडो’ सायकलयात्रा काढली, जिच्यात 100 तरुण आणि 16 तरुणी पाच हजारांहून अधिक किलोमीटर सायकलवरून गेले. पाठीच्या दुखण्यामुळे बाबा स्वतः गाडीत पडून प्रवास करत होते. सायकलस्वारांचे संघटित रूप म्हणून हा उपक्रम जिल्ह्याच्या इतिहासात आजही सर्वात मोठा मानावा लागेल.

पहाडावर मात्र सायकलचा प्रसार खऱ्या अर्थाने झाला तो शाळेमुळे. 2011 मध्ये राज्यातील 125 मागास तालुक्यांपर्यंत वाढवलेल्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकल घेण्यासाठी अनुदान मिळते आणि त्याहून दूरच्या मुलींसाठी निळ्या एसटी बसची सोय आहे. पाच किलोमीटर ही सपाटीची मोजणी असून, पहाडावर तेवढ्याच अंतरात दोन-तीन चढउतार येतात, याकडे योजनेचे दुर्लक्ष झालेले दिसते. अनुदान सायकल घेण्यापुरते असते. ब्रेकचे गट्टू, ट्यूब आणि आरे यांचा खर्च घरावर पडतो. जिवतीसारख्या तालुक्यात प्रत्येक माध्यमिक शाळेत हवेचा पंप, पाने आणि पंक्चरचे साहित्य ठेवून मुलींनाच दुरुस्ती शिकवली, तर त्याला फारसा पैसा लागणार नाही.