पुरावा मागणारा थोमा

"ख्रिस्ती धर्म इंग्रजांनी आणला." लग्नाच्या पंगतीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत हे वाक्य कुठेही ऐकू येतं. जरा जास्त वाचलेला माणूस म्हणतो, "इंग्रज नाही हो, पोर्तुगीज." दोघंही चुकतात. आणि थोडंथोडकं नाही, हजार वर्षांच्या वर चुकतात.

येशूच्या बारा प्रेषितांपैकी एक थोमा. नावाचा अर्थ 'जुळा'. येशू मेलेल्यांतून उठला असं बाकीचे सांगत होते, तेव्हा हा म्हणाला, जखमांना हात लावल्याशिवाय मी मानणार नाही. म्हणजे बारा जणांमधला पुरावा मागणारा माणूस. म्हणून त्याची गोष्टही आपण पुराव्यावरच तपासू.

केरळची परंपरा सांगते की थोमा इ. स. ५२ मध्ये मुझिरिस बंदराजवळ उतरला आणि ७२ मध्ये मैलापूरला, म्हणजे आजच्या चेन्नईत, मारला गेला. याला त्या काळातला लेखी पुरावा नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण असा प्रवास अशक्य होता का? अजिबात नाही. मिऱ्यांसाठी रोमन साम्राज्यातली जहाजं तेव्हा मोसमी वाऱ्यांवर दरवर्षी मलबारला येत होती.

तिसऱ्या शतकातल्या एका सिरियाक ग्रंथात वेगळीच गोष्ट येते. थोमाला भारतात यायचंच नव्हतं. तेव्हा येशूनेच त्याला गुलाम म्हणून एका व्यापाऱ्याला विकलं. थोमा सुतार. गुदनफर राजाने त्याला महाल बांधायला पैसे दिले आणि या पठ्ठ्याने ते सगळे गरिबांत वाटून टाकले! महाल कुठे आहे विचारलं, तर म्हणाला, स्वर्गात.

हे सगळं कल्पित असेलही. पण गंमत पुढे आहे. एकोणिसाव्या शतकात अफगाणिस्तान आणि पंजाबच्या भागात गोंडोफारेस राजाची नाणी सापडली. त्याच्या काळातला एक शिलालेख पेशावरच्या बाजूला तख्त-ए-बाही इथे मिळाला. राजा खरा निघाला आणि काळही पहिल्या शतकाचा. यावरून थोमा आला हे सिद्ध होत नाही. मात्र गोष्ट रचणाऱ्याला भारताची काही खरी माहिती होती, एवढं नक्की कळतं.

आता भक्कम पुरावे. सहाव्या शतकात कॉस्मस हा लेखक मलबारमधल्या ख्रिस्ती मंडळीची नोंद करतो. 'कलियाना' इथे इराणमधून नेमलेला बिशप असल्याचंही लिहितो. बऱ्याच अभ्यासकांच्या मते हे कलियाना म्हणजे आपलं कल्याण. पुढे इ. स. ८४९ चा कोल्लमचा ताम्रपट. वेणाडच्या अय्यन अडिकळ या शासकाने तिथल्या चर्चला जमीन आणि करमाफी दिली. साक्षीदारांच्या सह्या अरबी, पहलवी आणि हिब्रू लिपीत आहेत. हिंदू राजाचं दान, ख्रिस्ती चर्चला, आणि साक्षीला मुसलमान, पारशी, ज्यू! वास्को द गामा यायला अजून साडेसहाशे वर्षं होती.

मग या जुन्या ख्रिस्ती समाजावर घाला कुणी घातला? पोर्तुगीजांनी. इथली प्रार्थना सिरियाकमध्ये, बिशप मेसोपोटेमियातून येणारे, पाद्री लग्न केलेले. पोर्तुगीजांच्या लेखी हा पाखंड होता. १५९९ मध्ये गोव्याचा आर्चबिशप मेनेझिस केरळात गेला. उदयंपेरूरला सभा भरवून त्याने पाद्र्यांच्या लग्नांवर बंदी आणली, सिरियाक ग्रंथ दुरुस्त करायचे किंवा जाळायचे ठरवलं. या समाजाच्या इतिहासाची कितीतरी साधनं तेव्हा गेली. आणि आज आपण त्यांच्याकडेच पुरावा मागतो!

ते लोक गप्प बसले नाहीत. ३ जानेवारी १६५३ ला मट्टनचेरीला हजारोंनी जमून त्यांनी शपथ घेतली, यापुढे जेझुइटांचा हुकूम मानणार नाही. सगळ्यांचे हात क्रुसाला पोचेनात म्हणून त्याला दोर बांधून लोकांनी दोर धरले आणि क्रूस वाकला, असं लोक सांगतात. आजही ती 'वाकड्या क्रुसाची शपथ' म्हणूनच ओळखली जाते.

एक गोष्ट त्यांच्याही बाजूची सांगायला हवी. आमचे पूर्वज थोमाने बाटवलेले नंबुद्री ब्राह्मण, असं तिथली काही घराणी अभिमानाने सांगतात. पहिल्या शतकात केरळात नंबुद्री होते याला पुरावा नाही. धर्म बदलला तरी जातीचा अभिमान सुटला नाही, एवढंच त्यातून दिसतं. आपल्याकडचंच दुखणं, दुसरं काय!

थोमा इथे आला की नाही यावर वाद चालू राहू दे. पण जो समाज किमान दीड हजार वर्षं या मातीत आहे, ज्याने परकी सत्तेला तोंडावर नाही म्हटलं, त्याला 'परका' म्हणण्याआधी आपणही थोमासारखा पुरावा मागायला शिकलं पाहिजे. आधी स्वतःकडे.